तुऱ्याची साक्ष

माझी आजी परसदारी उभी राहून मूठभर कणी फेकायची आणि पिल्ले टिपायला धावली की उभ्या उभ्या सांगायची, "हा कोंबडा, हा कोंबडा, ती तलंग, तीपण तलंग." पिल्ले तेव्हा सहा-सात आठवड्यांची असत. एकही पिल्लू ती हातात घेत नसे. कशावरून ओळखलंस असे विचारले तर म्हणायची, "अगं, तोंडावर लिहिलंय की!" पुढे कधीतरी पडताळून पाहावे तर तिचे शब्द खरे निघालेले असत. कोंबडा ठरवलेला आरवायला लागे, तलंग ठरवलेली डालग्याखाली पहिले अंडे घाली.

चिपळूणजवळच्या त्याच परसात मी पहिल्यांदा सिल्कीची पिल्ले आणली तेव्हा आजी खूप थकली होती, पण नजर तशीच होती. पायरीवर बसून तिने त्या पाच पिल्लांकडे बराच वेळ पाहिले. कापसाच्या बोंडासारखी अंगे, डोक्यावर मऊ गोंडा, पायांवरही पिसे आणि प्रत्येक पायाला चाराऐवजी पाच बोटे. तिने एकेक पिल्लू ओंजळीत घेतले. असे तिला कधी करावे लागले नव्हते. मग म्हणाली, "यांच्या तोंडावर काही लिहिलेलंच नाही गं."

हे पुस्तक त्या वाक्याला दिलेले उत्तर आहे. लिहिलेले असते, आजी. झाकलेले असते एवढेच. कुठे आणि कशाने झाकले आहे हे कळले, तर त्यातला काही भाग वाचता येतो. उरलेल्या भागासाठी थांबावे लागते. कुठपर्यंत वाचावे आणि कुठून पुढे थांबावे याची हद्द आखून द्यावी, एवढ्यासाठी ही पाने लिहिली.

आधी पक्ष्याची ओळख करून घेऊ. सिल्की ही चीनची जुनी कोंबडी. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोने आपल्या प्रवासवर्णनात चीनच्या आग्नेय भागातल्या काळ्या कोंबड्यांचा उल्लेख केला आहे. त्यांच्या अंगावर पिसांऐवजी मांजरासारखे केस असतात असे त्याने सांगितले, आणि युरोपातल्या वाचकांना ती थाप वाटली असल्यास नवल नाही. पुढे तीनशे वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याचा निसर्गअभ्यासक उलिस्से आल्द्रोव्हांदी याने पक्ष्यांवरच्या आपल्या ग्रंथात या लोकरी कोंबडीला जागा दिली. चीनमध्ये मात्र तिचे नावच 'काळ्या हाडांची कोंबडी' असे आहे. जिआंग्शी प्रांतातल्या थायहे इथली सिल्की आजही नावाजलेली आहे. ली शिझेन याच्या सोळाव्या शतकातल्या औषधिकोशात काळ्या हाडांच्या कोंबडीचे गुण नोंदलेले आहेत. बाळंतिणीला तिचा रस्सा देण्याची तिथली पद्धत आपल्याकडच्या बाळंतिणीच्या खाण्यापिण्याची आठवण करून देते. अमेरिकेतल्या पोल्ट्री संघटनेने १८७४ साली जातींच्या लक्षणांचा पहिला ग्रंथ काढला, त्यात सिल्की होती. तिथे तिला बुटक्या कोंबड्यांत, म्हणजे बँटममध्ये मोजतात. नराचे वजन किलोच्या आसपास. ब्रिटनमध्ये हीच जात थोरल्या कोंबड्यांत धरली जाते आणि नर पावणेदोन किलोच्या पुढे जातो.

गेल्या काही वर्षांत ती आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या पक्षीबाजारात दिसू लागली. बाल्कनीत, गच्चीवर, शेतघराच्या अंगणात लोक हौसेने तिला पाळतात. ती उंच उडत नाही आणि हाताला सवकते. ती इतक्या सहज खुडूक होते की बदकाची, तितराची, कुणाचीही अंडी तिच्याखाली ठेवा, ती मन लावून बसते. तिच्यात एकच अडचण आहे. घेणाऱ्याला हवी असते जोडी आणि विकणारा दीड-दोन महिन्यांच्या पिल्लांतून बेधडक जोडी काढून देतो. सहा-सात महिने जातात, आणि एका पहाटे जोडीतले दोघेही आरवतात.

आता आजीची खूण पाहू. गावठी पिल्लाच्या तोंडावर जे लिहिलेले असते त्याची तिने कधी यादी केली नव्हती. पण तिच्या शेजारी बसून मी ती जमवली. नराचा तुरा लवकर वर येतो आणि लाल होतो, मादीचा फिकट, पिवळसर राहतो. चोचीखाली लोंबणारे मांसल लोलक नराला आधी फुटतात. नराचे पाय जाडसर आणि चाल ताठ. थोडे पुढे गेले की नराच्या मानेवर आणि कमरेवर टोकदार, चकचकीत पिसे येतात, तर मादीची तिथली पिसे गोलसर राहतात. शेवटी शेपटीतली लांब, कोयत्यासारखी वाकलेली पिसे दिसू लागली की पुढे शंकाच राहत नाही.

यातली एकेक खूण घ्या आणि सिल्कीकडे पाहा.

तुऱ्याचा लालपणा. सिल्कीची कातडी, हाडे, काही आतले अवयवसुद्धा काळे असतात. काळा रंग बनवणाऱ्या पेशी तिच्या शरीरात जाऊ नयेत तिथवर पसरलेल्या असतात. या अवस्थेला फायब्रोमेलॅनोसिस म्हणतात, आणि विसाव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरचा एक तुकडा दुपटीने वाढल्यामुळे ती येते. आपल्याला ठाऊक असलेला मध्य प्रदेशातला कडकनाथ, ज्याच्या झाबुआच्या वाणाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तोही याच जनुकीय उलथापालथीने काळा झालेला आहे. तर सिल्कीच्या तुऱ्यात रक्त भरले तरी ते लाल दिसत नाही. पिकलेल्या तुतीसारखा काळपट जांभळा रंग दिसतो, आणि तोही नराला येतो तसा मादीलाही. पहिली खूण गेली.

चोचीखालचे लोलक. दाढीवाल्या सिल्कीच्या गालांवर आणि हनुवटीवर पिसांचा दाट गुच्छ असतो. त्यात लोलक बुडून जातात, शिवाय ते मुळातच बारीक राहतात. दाढी नसलेल्या सिल्कीत ही खूण थोडी उरते, म्हणून दाढी नसलेले पिल्लू वाचायला सोपे. नेमकी दाढीवालीच जास्त खपते.

टोकदार पिसे. साध्या पिसाच्या मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी तंतू फुटतात, त्या तंतूंना आणखी बारीक फाटे असतात आणि फाट्यांना सूक्ष्म आकडे. आकडे एकमेकांत अडकले की पिसाचे सलग पाते तयार होते. सिल्कीच्या पिसात हे आकडेच बनत नाहीत. जनुकातल्या एका अक्षराच्या बदलामुळे असे होते, हे २०१४ मध्ये सापडले. आकडे नाहीत म्हणजे पाते नाही, पाते नाही म्हणजे त्याचे टोक गोल की अणकुचीदार हा प्रश्नच उरत नाही. सगळे पीस केसांसारखे सुटे. शेपटीतले कोयतेही तसेच विस्कटून गोंड्यात जमा होतात. याच कारणाने तिला पाऊस सोसत नाही. पाणी ओघळून न जाता आत मुरते. कोकणात सिल्की पाळणाऱ्याला जून ते सप्टेंबर जिवाला घोर असतो.

डोक्याचा आकार. शेंडी दोघांनाही, आणि लहानपणी तर ती तुऱ्यावरच पडलेली.

म्हणजे जे जे लेणे या पक्ष्याला देखणे करते, त्यातल्या बहुतेकांनी एकेक खूण गिळलेली आहे. कडकनाथशी ताडून पाहिले की हे लख्ख होते. कडकनाथ तितकाच काळा, पण त्याची पिसे साधी, तुरा उभा आणि दातेरी, गालावर दाढी नाही. म्हणून तो ओळखायला फार अवघड जात नाही. नुसत्या काळेपणाने नर-मादी झाकली जात नाही. काळेपणा, केसाळपणा, शेंडी आणि दाढी ही सगळी एकत्र आली की झाकली जाते.

मग वाचण्यासारखे काय उरते? तुऱ्याचा रंग गेला, तरी त्याचा आकार उरतो. हे माझे मत नाही. तुरा हा नराच्या आतल्या रसाचा किती खरा साक्षीदार आहे हे विज्ञानाने फार पूर्वी तपासले आहे. १८४९ साली जर्मनीतल्या ग्यॉटिंगेन इथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड याने सहा कोवळे कोंबडे घेतले आणि त्यांचे वृषण काढले. काहींना तसेच ठेवले. त्यांचे तुरे खुरटले, ते लढेनात, आरवेनात. काहींच्या पोटात वृषण पुन्हा ठेवला, पण जुन्या जागी नाही, जुन्या नसांना जोडूनही नाही. त्यांचे तुरे वाढले, ते आरवले आणि भांडलेही. याचा अर्थ वृषणातून रक्तात काहीतरी मिसळते आणि ते रक्तातून तुऱ्यापर्यंत पोहोचते. संप्रेरकांच्या शास्त्राची सुरुवात त्याने यावर लिहिलेल्या चार पानी निबंधापासून धरतात. पुढे विसाव्या शतकात, टेस्टोस्टेरॉन मोजायची यंत्रे नव्हती तेव्हा, खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा किती वाढतो यावरून टेस्टोस्टेरॉनची ताकद मोजत. तुरा हे मोजमापाचे साधन होते.

पिसांचे याच्या उलट आहे, आणि हे मला फार मोलाचे वाटते. कोंबडीची गोलसर पिसे तिच्या अंडाशयातल्या इस्ट्रोजेनमुळे येतात. कोंबडीला एकच, डाव्या बाजूचे अंडाशय कामाचे असते. ते निकामी झाले तर पुढच्या पिसेझडीनंतर तिच्या अंगावर कोंबड्यासारखी पिसे येऊ लागतात. म्हणजे पिसे सांगतात मादीपणाची गोष्ट आणि तुरा सांगतो नरपणाची. सिल्कीने पिसांची वाचा बंद केली आहे. उरला तुरा.

सिल्कीचा तुरा उभा, दातेरी नसतो. तो अक्रोडासारखा बसका असतो. गुलाब तुरा आणि वाटाणा तुरा या दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून असा अक्रोड तुरा निघतो, हे विल्यम बेटसन आणि रेजिनल्ड पनेट यांनी केंब्रिजमध्ये दाखवले. मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या उदाहरणांत कोंबडीचे तुरेच होते. पूर्ण वाढलेल्या सिल्की नराचा तुरा जवळजवळ गोल, लांबीपेक्षा रुंद, वर बारीक खडबडीत दाणे आणि मधून आडवी घळ असलेला. मादीचा छोटा, चपटा, चोचीच्या मुळाशी चिकटलेला.

पिल्लात पाहायचे ते हेच, पण बारकाईने. रंग पाहू नका, उंचीही पाहू नका, रुंदी पाहा. शेंडीचे केस बोटाने मागे सारून चोचीच्या मुळाशी पाहा. माझ्या अनुभवात आठ ते बारा आठवड्यांच्या दरम्यान बऱ्याचशा नरांचा तुरा आडवा पसरू लागतो, त्याच्या कडा किंचित फुगतात, वर दाणे धरू लागतात. मादीचा तुरा त्या वयात चोचीवर ओढलेल्या एका बारीक रेघेसारखा राहतो. एकट्या पिल्लाकडे पाहून हे ठरवू नये. एकाच दिवशी फुटलेल्या, एकाच डालग्यात वाढलेल्या भावंडांचे तुरे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. कुणाच्या घराण्यातच तुरा उशिरा येतो, कुणाच्या लवकर. भावंडे शेजारी असली की हा फरक आपोआप वजा होतो. मोबाइलवर आलेला एका पिल्लाचा फोटो पाहून मी कधीच उत्तर देत नाही.

इथे एक पावसाळी दुपार सांगायला हवी. जून महिना होता, वळीव नव्हे, खरा पाऊस. डालग्यावरचे प्लास्टिक वाऱ्याने उडाले आणि दहा आठवड्यांची नऊ पिल्ले मिनिटभरात भिजली. मी त्यांना पदरात घालून घरात आणले. पुसायच्या आधी सगळी फरशीवर उभी होती. गोंडे चिकटून चपटे झालेले, दाढ्या गळ्याला लागलेल्या, आणि ज्या कापसाच्या गोळ्यांना मी महिनाभर न्याहाळत होते त्यांच्या जागी नऊ लहानशी, हाडाची, वेगवेगळी पाखरे उभी होती. चौघांच्या चोचीच्या मुळाशी रुंद, काळपट उंचवटा आणि पायांच्या लांब, जाड नळ्या. तिघींचा माथा सपाट. उरलेल्या दोघांचे काही कळले नाही. पिल्ले कोरडी करून ऊब देताना मी वहीत तसेच लिहिले. चौघे नर ठरले. तिघींपैकी एक मात्र पुढे आठव्या महिन्यात आरवली. त्या एकीची नोंद मी या पुस्तकात मुद्दाम ठेवली आहे. तिचा तुरा आठवड्यागणिक कसा राहिला, मग अचानक कसा वाढला, हे सगळे. जाणूनबुजून कुणी पिल्ले भिजवू नयेत, ती थंडीने मरतात. पण कोमट पाण्याने ओला केलेला कापूस शेंडीवरून फिरवला तरी माथा दिसतो. ही युक्ती मला त्या पावसाने शिकवली.

पहिल्या दिवशीच नर-मादी ओळखता येत नाही का, असे कुणी विचारेल. येते, पण त्यासाठी हात आयुष्यभर तयार झालेला लागतो. जपानमध्ये कियोशी मासुई आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात एक दिवसाच्या पिल्लाचे गुद हलकेच उघडून आतला मोहरीहून लहान उंचवटा पाहण्याची पद्धत शोधली. १९२७ साली ओटावाच्या जागतिक कुक्कुट परिषदेत ती जगापुढे आली. काही वर्षांत जपानी तज्ज्ञांना अमेरिकेत बोलावणी येऊ लागली. तासाला हजाराच्या आसपास पिल्ले आणि शंभरात चूक दोन-एक, असा या कामातल्या मुरब्बी हातांचा लौकिक. २०२० च्या 'मिनारी' या चित्रपटातले नवरा-बायको हेच काम करताना दिसतात. घरच्या घरी, अंदाजाने हे कुणी करू नये. नाजूक पिल्लाला त्यात इजा होते.

मला या विद्येतली एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. अनेक वर्षे लोक समजत होते की हे ज्ञान शब्दांत सांगता येत नाही, गुरूच्या शेजारी बसूनच उमगते. १९८७ साली आयर्व्हिंग बीडरमन आणि मार्गारेट शिफ्रार या मानसशास्त्रज्ञांनी एका जुन्याजाणत्याला विचारून तो नेमके कुठे पाहतो ते हुडकले. उंचवटा गोल फुगीर आहे की सपाट, खोलगट? एवढेच. हे एका पानावर मांडून नवख्यांना दिले, तर पिल्लांच्या छायाचित्रांवर ते मुरलेल्यांच्या जवळपास पोहोचले. आजीचे 'तोंडावर लिहिलंय' हे मला तेव्हापासून वेगळे ऐकू येते. ते गूढ नव्हते. कुठे पाहतेस, एवढे कुणी तिला नीट विचारले नव्हते. मीसुद्धा उशिराच विचारले.

बेटसन आणि पनेट यांची सिल्कीवरची आणखी एक कामगिरी आहे आणि ती गावठी कोंबड्या पाळणाऱ्यांच्या थेट उपयोगाची आहे. १९११ साली त्यांनी सिल्कीच्या काळ्या कातडीचा वारसा तपासला. सिल्कीचा नर आणि फिकट कातडीची ब्राउन लेगहॉर्न कोंबडी यांची पिल्ले काढली, तर माद्या काळ्या निघाल्या आणि नर फिकट! जोडी उलटी केली, म्हणजे सिल्की मादी आणि लेगहॉर्न नर, तर सगळीच फिकट. याचे कारण कोंबडीच्या गुणसूत्रांत आहे. पक्ष्यांत नराकडे दोन झेड असतात आणि मादीकडे एक झेड, एक डब्ल्यू. पिल्लू नर की मादी हे आईच्या अंड्यावर ठरते, बापावर नाही. कातडीतला काळेपणा रोखणारे एक जनुक झेडवर बसलेले आहे. लेगहॉर्न आई ते आपल्या एकुलत्या झेडवरून फक्त मुलग्यांना देते. मुली सिल्की बापाचा झेड घेतात आणि काळ्या राहतात.

जी सिल्की स्वतःच्या वंशात सहा-सहा महिने काही कळू देत नाही, तीच संकरात पहिल्या दिवशी सगळे सांगून टाकते. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या गावठी कोंबडीवर सिल्कीचा नर सोडून मी हे स्वतः पाहिले आहे. आईचे पाय काळे-निळे असतील तर मात्र हा हिशेब चालत नाही. या संकरातली पिल्ले दिसायला सिल्की नसतात. केसाळ पिसांचा गुण दोन्हीकडून आला तरच उमटतो, त्यामुळे ती साध्या पिसांचीच निघतात. पण खुडूक बसण्याचा आईपणा त्यांच्यात चांगला उतरतो, आणि परसातल्या कोंबडीला तोच हवा असतो.

पिसाच्या मुळातल्या पेशींवरून झेड आणि डब्ल्यू ओळखणाऱ्या डीएनए चाचण्या आता भारतातही होतात. ज्याला घाई आहे आणि खर्च झेपतो त्याने ती करावी. पीस ओढून काढलेले, मुळासकट हवे. जमिनीवर गळलेले चालत नाही.

काही खुणांवर विश्वास ठेवू नका. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते, हे मी लहानपणापासून ऐकले. रोमन शेतीलेखक कोलुमेला हेच सांगतो, आणि त्याच्या कित्येक शतके आधी ॲरिस्टॉटलने बरोबर उलटे लिहून ठेवले आहे. अंड्याच्या आकारातून काहीच कळत नाही. पिल्लावर दोऱ्याने अंगठी टांगणे, पिल्लू मानगुटीला धरून पाय कसे लोंबतात ते पाहणे, हे तर पिल्लाला त्रासच. तीन आठवड्यांची पिल्ले छाती पुढे काढून एकमेकांसमोर उभी राहतात तेही फसवे. त्या वयात मुलीही भांडतात. शेंडीची खूण खरी आहे, पण उशिराची. चार महिन्यांच्या पुढे नराच्या शेंडीतून काही लांब, सडपातळ तंतू मागे झुकून बाहेर येतात, मादीची शेंडी चेंडूसारखी गोल राहते. दाणा दिसला की स्वतः न खाता तो उचलून टाकत, कुट-कुट करत इतरांना बोलावणारे पिल्लू मात्र बहुधा नरच असते, आणि ही खूण पाहायला फार गोड आहे.

शेवटचा पुरावा आरवणे किंवा अंडे. सिल्की सात ते नऊ महिन्यांची होऊन पहिले अंडे घालते, साध्या कोंबडीपेक्षा उशिरा. आरवण्याचेही तसेच; कुणी चौथ्या महिन्यात, कुणी नवव्यात. घरात मोठा नर असेल तर धाकटे नर दबून गप्प राहतात आणि त्याला दुसरीकडे नेले की चार दिवसांत घसा मोकळा करतात.

या पुस्तकाच्या नावात मी 'लिंगनिदान' हा शब्द घातला नाही. गर्भातल्या मुलींना ज्या निदानाने मारले गेले, ते रोखण्यासाठी १९८८ साली देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला. तो शब्द आपल्या भाषेत अजून ओला आहे. कोंबड्यांच्या जगात नकोसा होतो तो नर. अंड्यांच्या व्यवसायात नर पिल्ले पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने २०२२ च्या सुरुवातीपासून त्यावर बंदी घातली. आपल्या हौशी पाळणाऱ्यांकडे असे होत नाही, पण जे होते ते मी पाहिले आहे. आरवायला लागलेला सिल्की कोंबडा सोसायटीच्या तक्रारीनंतर रात्री कुणाच्या तरी शेताच्या बांधावर सोडून दिला जातो. त्याला उडता येत नाही, शेंडीमुळे वरून येणारी घार दिसत नाही, पाऊस आला तर अंग सुकत नाही. तो दोन दिवस जगत नाही.

म्हणून विकणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: सिल्कीची दोन महिन्यांची 'खात्रीची जोडी' विकू नका. 'अंदाज' म्हणा. आरवला तर परत घेऊ, असे सांगा आणि खरेच परत घ्या. घेणाऱ्यांना सांगणे असे, की दोन घेण्यापेक्षा चार-पाच घ्या आणि घेण्यापूर्वीच ठरवा, नर निघाले तर ते कुठे जातील. त्यातले निम्मे नर निघणार हे गृहीत धरा. सिल्कीचा नर वाईट नसतो. माझ्याकडचा एक पांढरा नर खुडूक कोंबडी मेल्यावर तिच्या पिल्लांना रात्री पंखाखाली घेऊन बसत असे. दाढीत एक पिल्लू, पोटाखाली तीन.

पुढच्या पानांत वीस पिल्लांच्या नोंदी आहेत. फुटल्या दिवसापासून पहिल्या अंड्यापर्यंत किंवा पहिल्या आरवण्यापर्यंत, दर रविवारी. तुऱ्याची रुंदी, शेंडीचे चित्र, वजन, वागणे आणि त्या दिवशीचा माझा अंदाज. अंदाज चुकलेला असेल तिथे तो खोडलेला नाही. शेजारी नंतरचे खरे काय ते लिहिले आहे. वाचकाने आधी तुऱ्याचे चित्र पाहावे, स्वतःचा अंदाज पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहावा आणि मगच पुढचे पान उलटावे. आजीच्या शेजारी पायरीवर बसण्याला यापेक्षा जवळची तजवीज मला कागदावर करता आली नाही.

हे लिहीत असताना मागच्या पडवीत यंदाची चौदा पिल्ले आहेत, नऊ आठवड्यांची. पायात रंगीत कड्या. अकरांपुढे मी काहीतरी लिहिले आहे, तिघांपुढची जागा कोरी आहे. निळ्या कडीच्या पिल्लापुढे मागच्या रविवारी मी 'मादी' असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह घातले होते. आज सकाळी त्याची शेंडी मागे सारली, तर चोचीच्या मुळाशी कड किंचित फुगलेली वाटली. मोजपट्टी लावली. मागच्यापेक्षा एक मिलिमीटर जास्त. तारीख आणि आकडा लिहिला, अंदाज तसाच ठेवला आणि पिल्लाला डालग्याखाली भावंडांत सोडले.